बोअर मारण्याआधी: रेझिस्टिव्हिटी सर्व्हे शेतात कसा करायचा आणि आलेख कसा वाचायचा

बोअरची गाडी शेतात उभी राहिली की त्या दिवशी घरातलं कुणी दुसऱ्या कामाला जात नाही. कॉम्प्रेसर सुरू होतो, करडा धुराळा उडायला लागतो आणि सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीवर खिळतात: धुराळा ओला कधी होतो. फुटाच्या दरानं मीटर पळत असतो. दीडशे फुटांवरही धुराळा कोरडाच असेल तर कुणीतरी हळूच म्हणतं, "अजून पन्नास फूट जाऊ द्या."

त्याआधी जागा कुणी दाखवलेली असते? कुठे तळहातावर नारळ उभा करणारा पाणाड्या असतो, कुठे वाय आकाराची काडी धरणारा, आणि अलीकडे "मशीनवाला". पाणाड्याबद्दल मी वाद घालत नाही, कारण तो मोजमाप केल्याचा दावा करत नाही. माझं भांडण एका प्रकारच्या मशीनवाल्याशी आहे. तो शेताच्या एकाच कोपऱ्यात वीस मिनिटं तारा पसरतो आणि "एकशेऐंशी फुटांवर दोन झरे, अडीच इंच पाणी" असा निकाल देऊन निघून जातो. जमिनीवर उभं राहून, तारांच्या मदतीनं, एवढं नेमकं कुणालाच सांगता येत नाही. यंत्राला पाणी दिसत नाही. त्याला फक्त खडकाचा विद्युत रोध दिसतो. त्यावरून पाण्याचा अंदाज माणूस बांधतो, आणि आजूबाजूच्या विहिरी पाहिल्याशिवाय तो अंदाज बांधणं म्हणजे पुन्हा नारळच.

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग ज्या काळ्या दगडाचा, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टचा आहे, तिथे हा रेझिस्टिव्हिटी सर्व्हे, म्हणजे जमिनीत वीज सोडून दगड तिला किती अडवतो ते मोजणं, नीट कसा करायचा ते इथे क्रमानं सांगतो. हाताशी मीटर आणि चार माणसं असतील तर तुम्ही तो स्वतः करू शकता. नसतील तर निदान शेजारी उभं राहून समोरचा काय करतोय आणि काय टाळतोय हे ओळखू शकता.

आधी दगड समजून घ्या

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिथे जे खोल छिद्र घेतलं, त्यात बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली. पश्चिमेला कोयनेकडे ती याच्या दुपटीहून जास्त आहे. मात्र हा सगळा दगड सारखा नाही. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट असतो, तो काळा पाषाण. वरचा भाग थंड होताना वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. ती भोकं पुढे पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरली की त्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये बऱ्याचदा लालभडक मातीचा पट्टा असतो, तो गेरू. आणि सगळ्यात वर, उन्हापावसानं कुजलेला मुरूम.

पाणी मुरमात, मांजऱ्याच्या कुजलेल्या भागात, थरांच्या सांध्यांत आणि पाषाणातल्या भेगांत असतं. घट्ट पाषाणात ते नसतं. "खाली नदी वाहतेय" असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता रोधकता, म्हणजेच रेझिस्टिव्हिटी. कोरडा घट्ट दगड वीज जाऊ देत नाही. ओला, कुजलेला, भेगाळ दगड जाऊ देतो. चिकणमाती तर फारच सहज जाऊ देते. बेसाल्टच्या मुलखात साधारण असे आकडे मिळतात, एकक ओहम-मीटर:

काळी माती, चिकणमाती: ५ ते १५
ओला मुरूम: २० ते ४५
पाणी धरलेला भेगाळ खडक किंवा मांजऱ्या: ४० ते ७०
घट्ट काळा पाषाण: ७० च्या वर, अनेकदा काहीशे

हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवायचे नाहीत. उन्हाळ्यात सुकलेला मुरूम याच्या दुप्पट-तिप्पट दाखवतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात तर रोधकता ५ च्या खाली जाते, आणि तिथे पाणी असतं पण पिता येत नाही. तुमच्या गावचे आकडे गावातल्या विहिरींवरूनच ठरवायचे.

यंत्राच्या आधी दोरी आणि दगड

पहिला पूर्ण दिवस मीटरची पेटी उघडायची नाही. शेताच्या चहूबाजूंच्या सहा-आठ विहिरी आणि बोअर फिरायचे. सोबत मोजपट्टी, वजन बांधलेली दोरी आणि वही.

प्रत्येक विहिरीची नोंद अशी: काठापासून पाणी किती खोल, तळ किती खोल, भर उन्हाळ्यात मोटर किती तास चालते, पाणी परत चढायला किती वेळ लागतो. मग काठावर पालथे पडा आणि भिंत वाचा. माती किती, मुरूम कुठे संपला, पाषाण कुठे लागला, लाल पट्टा आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओल कुठून पाझरतेय. मेच्या दुपारी कोरड्या विहिरीत उतरलेलं तिरपं ऊन एका बाजूवर पडतं तेव्हा पाझराची जागा काळपट, शेवाळलेली, स्पष्ट दिसते. बहुतेक वेळा ती मुरूम आणि पाषाणाच्या सांध्यात किंवा गेरूच्या लगत असते. ती रेघ काठापासून किती खोल आहे ते मोजून लिहा. नंतर आलेख वाचताना हाच आकडा उपयोगी पडणार आहे.

फेल गेलेल्या बोअरची चौकशी जास्त नेटानं करा. चाललेल्या बोअरबद्दल लोक फुगवून सांगतात, फेल गेलेल्याबद्दल खरं सांगतात.

कधी आणि कुठे

शक्यतो फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यानंतर सगळीच जमीन ओली असते आणि सगळीच रोधकता कमी येते. उन्हाळ्यात जे ओलं दिसेल त्याचा भरवसा जास्त. तोटा एकच, वरची माती सुकून फुटलेली असते आणि सळई जमिनीशी नीट संपर्क करत नाही. त्यावर उपाय आहे, पुढे येतोच.

सरळ रेषेत २०० मीटर मोकळी जागा लागते. रेघ शक्यतो उताराला आडवी, म्हणजे बांधाच्या दिशेनं टाका, चढ-उतारावर उभी नको. तारेचं कुंपण, जमिनीत पुरलेली लोखंडी पाइपलाइन, डीपीचं अर्थिंग यांपासून पन्नासेक मीटर दूर राहा. त्यांना समांतर तर अजिबात जाऊ नका, कारण वीज दगडाऐवजी लोखंडातून पळते आणि मीटरवर खोटी कमी रोधकता येते. अशा खोट्या "पाण्यावर" मारलेले बोअर मी पाहिलेत. ठिबकच्या प्लॅस्टिक नळ्यांचा त्रास नाही, पण ठिबक नुकतंच चालवून अर्धं रान ओलं नि अर्धं कोरडं असेल तर आकडे उड्या मारतात.

एक गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती, रानातच शिकलो. शेतीची थ्री फेज लाइट ज्या वेळेला नसते, त्या वेळेला सर्व्हे ठेवा. शेजारच्या विहिरीवरची साडेसात एचपीची मोटर सुरू झाली की मीटरवरचा आकडा नाचायला लागतो.

विजेच्या गोंगाटापुढे भूभौतिकी फार जुन्या काळापासून हार मानत आलीय. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर ती वेधशाळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला हलवावी लागली. आपण निदान मोटर बंद होईपर्यंत थांबू शकतो.

सामान आणि सावधगिरी

रेझिस्टिव्हिटी मीटर, चार सळया, चार रीळ तार, दोन घण, १०० मीटरच्या दोन टेप, मिठाच्या पाण्याचे दोन कॅन, लॉग-लॉग कागद (दोन्ही अक्षांवर १, १०, १०० असे दहापटीचे टप्पे सारख्या अंतरावर असलेला आलेखाचा कागद), पेन्सिल, मीटरवर सावलीला छत्री. माणसं चार: एक मीटरवर, एक वहीवर, दोघं टोकांच्या सळयांवर.

बाहेरच्या दोन सळयांमध्ये दीडशे-दोनशे व्होल्ट सहज असतात, काही मीटरमध्ये त्याहून बरेच जास्त. म्हणून एक नियम ठरवून घ्या: टोकावरचा माणूस हात वर करून बाजूला झाला की मगच बटण दाबायचं. शंभर मीटरवरून आरडाओरडा कळत नाही, हात दिसतो. पोरं आणि जनावरं रेघेपासून लांब ठेवा. आभाळात गडगडलं तर त्याच क्षणी तारा मीटरपासून सोडवा, "दोनच रीडिंग राहिलेत" म्हणत बसू नका.

प्रत्यक्ष मोजणी

पद्धत साधी आहे. फ्रान्समध्ये कोनराड श्लुम्बर्जे यानं १९१२ च्या सुमारास ती रानात आजमावली आणि आजही मांडणी त्याच्याच नावानं ओळखली जाते. बाहेरच्या दोन सळयांना ए आणि बी म्हणू. त्यांतून जमिनीत वीज सोडायची. आतल्या दोन सळया एम आणि एन, त्यांच्यात किती व्होल्ट पडतात ते मोजायचं. मध्यबिंदू कायम तोच. ए आणि बी दोन्ही बाजूंना सारख्या अंतरानं लांब नेत गेलं की वीज खोल खोल उतरते आणि खालचा दगड आकड्यात डोकावू लागतो.

मध्यावर खुंटी ठोका, दोन्ही बाजूंना टेप पसरा. मध्यापासून ए किंवा बी पर्यंतच्या अंतराला एबी/२ म्हणतात. मी असे टप्पे घेतो: ३, ४, ६, ८, १० मीटर, या टप्प्यांत एमएन/२ अर्धा मीटर. मग १०, १५, २०, २५, ३०, ४०, इथे एमएन/२ दोन मीटर. शेवटी ४०, ५०, ६०, ८०, १००, एमएन/२ आठ मीटर. एमएन/२ हे एबी/२ च्या पाचव्या भागाहून मोठं असू नये, एवढं सांभाळलं की बाकी टप्पे सोयीनं बदलता येतात.

१० आणि ४० ला दोनदा रीडिंग घेतलंय ही चूक नाही. आतल्या सळया हलवल्या की त्यांच्या आसपासची माती बदलते आणि आकडा थोडा सरकतो. एकाच एबी/२ ला जुन्या आणि नव्या एमएननं मोजलं तर किती सरकला ते कळतं आणि आलेखाचे तुकडे जुळवता येतात. घाईचा सर्व्हेवाला पहिल्यांदा हीच रीडिंग गाळतो.

सळई वीतभर तरी आत जायला हवी, पण एबी/२ च्या विसाव्या भागाहून खोल नको. जवळच्या टप्प्यांना तर नुसती टोचायची. घणाचा आवाज ऐका: मातीत "धप", दगडावर "टण्". टण् आला तर रेघेवरच थोडी पुढे-मागे सरकवा आणि नवं अंतर वहीत लिहा. सुकलेल्या मातीत सळईभोवती खळगा करून तांब्याभर मिठाचं पाणी ओता आणि पाच मिनिटं मुरू द्या. तेवढ्यानं २० मिलीॲम्पिअरवर अडकलेली वीज ६०-७० वर चढलेली मी कित्येकदा पाहिलीय. पाणी फक्त सळईपुरतं. ओघळ पसरला तर तुम्ही आपली खारी डबकीच मोजत बसाल.

आता एक रीडिंग पूर्ण करून पाहू. एबी/२ आहे २० मीटर, एमएन/२ आहे २, म्हणजे एमएन ४ मीटर. मीटरवर वीज ८० मिलीॲम्पिअर, व्होल्टेज १२ मिलीव्होल्ट.

आधी रोध: १२ ÷ ८० = ०.१५ ओहम.
मग मांडणीचा गुणक: ३.१४१६ × (२० चा वर्ग − २ चा वर्ग) ÷ ४, म्हणजे ३.१४१६ × ३९६ ÷ ४ = ३११.
दोन्हींचा गुणाकार: ०.१५ × ३११ = ४६.६ ओहम-मीटर.

ही झाली भासमान रोधकता. "भासमान" हा शब्द नीट लक्षात घ्या. ही २० मीटर खोलीवरच्या दगडाची रोधकता नाही. वरपासून खालपर्यंत वीज जिथून जिथून गेली त्या सगळ्याची ती खिचडी आहे.

सगळ्यात जास्त पैसे याच ठिकाणी बुडतात. अनेकजण एबी/२ लाच खोली समजतात. ६० ला आकडा पडला की "६० मीटरवर पाणी" म्हणून मोकळे. प्रत्यक्षात एबी/२ च्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच्या खोलीचा प्रभाव आकड्यात ठळक असतो, आणि तेही वरच्या थरांवर अवलंबून. शंभर मीटरपर्यंत तार ओढली तर ३० ते ५० मीटरपर्यंतचं बोलता येतं. "तारा ५० मीटर ओढल्या आणि ३०० फुटांचं सांगितलं" असं कुणी केलं असेल तर त्यानं तुम्हाला गोष्ट सांगितलीय, मोजमाप नाही.

प्रत्येक टप्प्यावर किमान दोनदा मोजा, विजेची दिशा उलटी करूनही एकदा. दोन आकड्यांत शंभराला पाचाहून जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका. सळई पुन्हा ठोका, पाणी घाला, तारेचे जोड तपासा. तार कुठे सोलली असेल आणि ओल्या गवतावर पडली असेल तर वीज तिथूनच गळते. ओळखायची युक्ती: मीटर बंद असताना टोकाची सळई उपसून तार हवेत टांगा, माणसाला बाजूला करा आणि बटण दाबा. वीज शून्य दिसायला हवी. दिसली नाही तर गळती आहे.

आलेख तिथेच काढा

घरी जाऊन कॉम्प्युटरवर काढू, असं म्हणू नका. प्रत्येक रीडिंग झालं की लॉग-लॉग कागदावर टिंब द्या: आडव्या अक्षावर एबी/२, उभ्यावर भासमान रोधकता. टिंबांची रेघ गुळगुळीत जायला हवी. एखादंच टिंब भलतीकडे उडालं तर तो दगड नाही, चूक आहे. सळया अजून जागेवर आहेत तोवर ती पुन्हा मोजता येते.

आणखी एक कसोटी. अशा कागदावर दोन्ही अक्षांची मापं सारखी असतील तर चढणारी रेघ ४५ अंशांहून उभी जाऊ शकत नाही. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, थर आडवे असतील तर. त्याहून उभी चढली तर खाली काहीतरी आडवं नाही, म्हणजे बाजूला जमिनीतून वर आलेली उभी दगडी भिंत (डाइक) वगैरे आहे, किंवा रीडिंग चुकलंय. मी दुसरी शक्यता आधी तपासतो.

आलेख वाचणं

समजायला दोन नमुने घेऊ, एकाच शेतातल्या दोन जागांचे समजा.

पहिली जागा: ३ मीटरला १२, १० ला २४, २० ला ३४, ४० ला ६०, ६० ला ८२, १०० ला ११८. रेघ एकसारखी चढतेय. वर माती, मग मुरूम, मग पाषाण आणि खाली पाषाणच. मुरूम संपेपर्यंत जे पाणी असेल ते, पुढे काही नाही. इथे बोअर नको. मुरूम जाड असेल आणि शेजारच्या विहिरीला पाझर असेल तर इथे रुंद विहीर शोभेल, कारण पाझर हळू असतो आणि विहिरीत तो रात्रभर साठतो. बोअरच्या सहा इंची भोकात साठायला जागाच नाही.

दुसरी जागा: ३ ला १२, १० ला २६, २० ला ३८, ३० ला ४४, ४० ला ४५, ६० ला ४३, १०० ला ५२. रेघ चढली, तीस ते साठच्या दरम्यान बसली, मग पुन्हा चढली. पाषाणाखाली काहीतरी कमी रोधकतेचं आहे. भेगाळ खडक असेल, कुजलेला मांजऱ्या असेल, किंवा गेरू.

हा "किंवा गेरू" फार महागात पडतो. गेरू चिकणा असतो, त्याची रोधकता ओल्या खडकाहूनही कमी येते, पण तो पाणी सोडत नाही. आलेखात दोघं सख्खे भाऊ दिसतात. वेगळं कसं करायचं? पहिल्या दिवशीची वही काढा. शेजारच्या विहिरीत लाल पट्टा कितव्या मीटरवर होता? दोन्ही काठांच्या उंचीतला फरक वजा-मिळवणी करून पाहा. आलेखातला बसका भाग त्याच पातळीला येत असेल तर तो बहुधा गेरूच. त्याच्या लगत वर ओल असेल तर पाणी त्या सांध्यात मिळेल, गेरूत नाही. म्हणून मी म्हणतो की पहिला दिवस दोरीचा.

थरांची खोली आणि खरी रोधकता काढायला पूर्वी छापील प्रमाण आलेख वापरायचे. काचेवर ठेवून एकावर एक सरकवत जुळवायचं, तासभर मोडायचा. आता आयपीआय-टू-विन सारखी मॉस्को विद्यापीठातून आलेली संगणक प्रणाली ते काम मिनिटात करते. ती चुकीच्या टिंबांतूनही सुंदर रेघ काढून दाखवते, एवढंच ध्यानात ठेवा.

प्रणालीनं दिलेलं उत्तर एकमेव नसतं. दोन घट्ट थरांच्या मध्ये सापडलेला २० ओहम-मीटरचा १० मीटर जाड थर आणि १० ओहम-मीटरचा ५ मीटर जाड थर यांचे आलेख जवळजवळ सारखेच येतात. पहिला ओला मुरमाड खडक असू शकतो, दुसरा माती. शिवाय थर पातळ आणि खोल असेल तर तो दिसतच नाही. ५० मीटरवर असलेली हातभर रुंदीची भेग, जिच्यावर बेसाल्टमधले कित्येक चांगले बोअर चालतात, ती या पद्धतीत अदृश्य असते. सर्व्हेनं "नाही" म्हटलेल्या जागी कधी कधी पाणी लागतं ते यामुळे. मला त्याची लाज वाटत नाही. पाणी लागेल अशा जागा शोधण्यापेक्षा नक्की न लागणाऱ्या जागा वगळायला ही पद्धत जास्त भरवशाची आहे, आणि शेतकऱ्याचे पैसे तिथेच वाचतात.

म्हणून एका शेतात एकच बिंदू मोजणं निरर्थक. किमान तीन, जमल्यास पाच. तुलनेशिवाय ४५ हा आकडा चांगला की वाईट हे ठरत नाही.

उभ्या गोष्टी शोधायच्या तर

आतापर्यंतची रीत आडव्या थरांसाठी होती. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून वर आलेल्या दगडी भिंती, डाइक, मैलोन्‌मैल जातात. त्या बहुधा भूजलाला धरणासारख्या आडव्या येतात. भिंतीच्या वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी, खालच्या अंगाला खडखडाट. क्वचित डाइक स्वतःच तडकलेला असला की तोच पाणी वाहून नेतो.

अशा ठिकाणी चारही सळया सारख्या अंतरावर, समजा २० मीटर, ठेवून अख्खी मांडणी रेघेवर दहा-दहा मीटर पुढे सरकवतात. ही वेनरची मांडणी. गुणक सोपा: ६.२८ × अंतर, म्हणजे २० मीटरला १२५.७. रोधकता एकाएकी चढली तर भिंत, पडली तर भेगांचा पट्टा, अशी पहिली अटकळ. त्या पडलेल्या जागेवर मग श्लुम्बर्जे पद्धतीनं खोलीचं मोजा.

मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र, मिळाला तर डाइक आणखी लवकर सापडतो. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र चाळीस-पंचेचाळीस हजार नॅनोटेस्लाच्या घरात असतं आणि डाइकवरून जाताना ते काहीशेनं हलू शकतं. खिशातला मोबाइल, कमरेचा पट्टा, हातातलं कडं काढून ठेवा. क्षेत्र दिवसभरातही बदलत असतं, म्हणून दर तासाला सुरुवातीच्या खुंटीवर परत येऊन मोजायचं.

भूकंपलहरींची आणि गुरुत्वाची पद्धत इथे मुद्दाम घेतली नाही. पहिलीत जमिनीवर हातोडा मारून लहरी मोजतात; त्या परत फिरायला खालचा थर वरच्याहून कडक लागतो, आणि आपल्याकडे पाषाणाखाली मऊ मांजऱ्या असला तर तो थर लपूनच राहतो. गुरुत्वमापन मोठ्या खोऱ्यांसाठी, तेलाच्या शोधासाठी ठीक. एका बोअरसाठी ती चैन आहे.

बोअरच्या दिवशी

आधी कायदा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर बंधन आहे, आणि राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर धरून शेतीसाठी ती घ्यायला मनाई केलीय. म्हणजे "अजून पन्नास फूट" म्हणत तीनशे-चारशे फूट जाणं खिशालाच नव्हे, कायद्यालाही धरून नाही.

गाडीवाल्याला सांगून दर १० फुटांना बाहेर आलेला चुरा मूठभर घ्या आणि फळीवर ओळीनं मांडा. पाण्यानं धुऊन पाहा. करडा चकचकीत चुरा पाषाणाचा, पांढरे-हिरवे कण मांजऱ्याचे, लाल गाळ गेरूचा. गेरू लागला की केसिंगचा, म्हणजे भोकात आधाराला घालायच्या पाइपाचा, विचार तिथेच करा, नाहीतर वर्षभरात तो ढासळून बोअर बुजतो. ड्रिल एकदम वेगानं खाली गेला तर वेळ आणि फूट लिहा, ती भेग असते.

पाणी लागलं तर "इंचात" मोजतात, आणि या इंचानं फार गोंधळ होतो. पाणी मोजायच्या पत्र्यातल्या ९० अंशांच्या व्ही आकाराच्या खाचेवरून पाणी ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच, उंचीनं वाहत असेल तर ते तासाला सुमारे २,८०० लिटर भरतं. चार इंच असेल तर ते दुप्पट नाही, तब्बल साडेपाचपट, पंधरा हजारांच्या वर. कुणी "चार इंच पाणी" म्हणालं तर खाचेवरचं की पाइपच्या तोंडाचं, हे विचारा. शिवाय गाडीच्या हवेनं उसळलेलं पाणी पहिल्या तासाचं असतं. निदान चार-सहा तास मोटर लावून बघितल्याशिवाय पाइपलाइनचे पैसे टाकू नका.

फेल गेला तर तोंड त्याच दिवशी लोखंडी झाकणानं किंवा सिमेंटनं बंद करा, संध्याकाळपर्यंत थांबू नका. आणि चुऱ्याची ती फळी उधळण्याआधी तिचा फोटो काढून, फूटवार नोंदीसह, सर्व्हेच्या आलेखाला टाचा. सर्व्हे दुसऱ्या कुणाकडून करून घेतला असेल तर त्याच्याकडून रीडिंगचा मूळ कागद मागून घ्या: एबी/२, एमएन/२, वीज, व्होल्टेज असे चार रकाने. तो द्यायला जो कां-कूं करेल त्याला पुढच्या वेळी बोलावू नका. शेजाऱ्याचा बोअर पुढच्या उन्हाळ्यात ठरेल तेव्हा हाच कागद आणि हाच फोटो घेऊन त्याच्या बांधावर जा. त्याच्या शेतातली पहिली रेघ तुमच्या फेल गेलेल्या बोअरवरून टाकायची असते.